दुपारचा सराव

मुलगी: …आणि मी विचारलं, बाबा, जेवलात का. तर फोनवर म्हणतात, "होय, माझे जेवण व्यवस्थित झालेले आहे. धन्यवाद." माझ्या बापानं उभ्या जन्मात मला धन्यवाद म्हटलेलं नाही. माझ्या नवऱ्याला वाटलं राँग नंबर लागला.

मदतनीस: ताई, जरा हळू बोलाल का. मला सगळं समजलं पाहिजे.

मुलगी: समजतंय तुम्हाला सगळं. हेच वाक्य तुम्ही परवा मला लिफ्टपाशी ऐकवलं होतं. "आजोबांचे जेवण व्यवस्थित झालेले आहे." शब्द तेच, शेवटचा हेलही तोच. माझे वडील तुमच्यासारखे बोलायला लागलेत.

मदतनीस: ते बोलायला लागले.

मुलगी: माझं म्हणणं ते नाही.

मदतनीस: मला माहीत आहे. पण पक्षाघातानंतर ते बोलतच नव्हते, ते पण खरं आहे.

मुलगी: हे बघा, बाबांना खाली व्यायामाला नेलंय. ते वर यायच्या आत मला हे मिटवायचं आहे. मेट्रनबाईंकडे निघालेच होते मी. मग म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. मला पलीकडच्या खोलीतल्या आजींनी सांगितलं. रोज दुपारी या खोलीचं दार लावलेलं असतं. आत काय चालतं?

मदतनीस: सराव.

मुलगी: कसला?

मदतनीस: बोलण्याचा. त्यांचा, आणि माझा.

मुलगी: तुमचा कशाला?

मदतनीस: सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे. माझ्या देशात मी नर्स होते, ऑपरेशनच्या खोलीत. इथं मी मदतनीस आहे, कारण नर्स व्हायला तुमची भाषा बोलता आली पाहिजे. लेखी झाली, मार्क चांगले आहेत. तोंडीत दोनदा नापास. ही शेवटची वेळ. आता नापास झाले तर परत जायचं.

मुलगी: लेखीत चांगले मार्क आणि तोंडीत नापास, हे कसं काय?

मदतनीस: परीक्षेत एक बाई रुग्ण होऊन बसते. ती काहीतरी विचारते. मी मनात वाक्य बांधते. बांधून होतं तेव्हा ती पुढचं विचारते. पुस्तक मला पाठ आहे, ताई. पण पुस्तक मला कधी मध्येच अडवत नाही.

मुलगी: म्हणून माझ्या आजारी बापावर परीक्षेची तयारी केलीत.

मदतनीस: हो.

मुलगी: वर हो म्हणताय.

मदतनीस: खोटं बोलायला मला अजून नीट जमत नाही. खरं सोपं पडतं.

मुलगी: विनोद करू नका. माझं डोकं ठिकाणावर नाहीये आज. स्पीच थेरपीवाल्या सरांना हे माहीत आहे?

मदतनीस: नाही.

मुलगी: डॉक्टरांना?

मदतनीस: नाही.

मुलगी: वा. सरांनी मला बजावून सांगितलंय, पेशंटच्या कानावर स्वच्छ आणि बरोबर भाषा पडली पाहिजे. ओळखीची, घरची. म्हणून मी बाबांची जुनी रेकॉर्डिंग शोधून आणली. या माणसानं आयुष्यभर लिलाव पुकारला, बाई. बंद पडलेले कारखाने, हॉटेलांच्या खुर्च्या-टेबलं, गेलेल्या वकिलांची कपाटं. हॉल माणसांनी गच्च भरलेला असायचा, आणि बाबा बोलायला लागले की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं, हा माझ्याच कानात बोलतोय. तो आवाज रोज ऐकावा म्हणून मी ते यंत्र उशाशी ठेवलं. लावता ना ते?

मदतनीस: आधी लावलं.

मुलगी: आधी म्हणजे?

मदतनीस: ते रडले. भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. दुसऱ्या दिवशी पण. तेव्हापासून मी बंद ठेवते.

मुलगी: आणि मला हे आत्ता कळतंय.

मदतनीस: तुम्ही फार आनंदानं आणलं होतं. सांगायचं म्हणून मी वाक्य तयार केलं, नीट, हळू. तुम्ही आलात आणि बोलत राहिलात. मला मध्ये जागा मिळाली नाही.

मुलगी: म्हणजे चूक शेवटी माझीच.

मदतनीस: माझी. जागा नसली तरी सांगायला पाहिजे होतं.

मुलगी: आणि हे सराव-बिराव काढलं कुणी?

मदतनीस: त्यांनी.

मुलगी: काहीतरीच काय. तेव्हा त्यांच्या तोंडून हूं की चूं निघत नव्हतं.

मदतनीस: तोंडानं नाही, हातानं. मी चादर बदलत होते आणि माझी वाक्यं म्हणत होते. मोठ्यानं, एकटीच. मी दुसऱ्या कुणाशी बोलणार, ताई? इथं लोक मला सांगतात. उचला, पुसा, आणा, तिकडे ठेवा. सांगणं वेगळं आणि बोलणं वेगळं. दुकानात बोलावं लागत नाही. बसमध्ये बोलावं लागत नाही. घरी गेले की खोलीत मी आणि भिंती. तर मी वाक्य म्हटलं आणि आजोबांनी टेबलावर हात मारला. मला वाटलं पाणी पाहिजे. पाणी नको. परत वाक्य म्हटलं, परत हात. मग मी ते दुसऱ्या प्रकारे म्हणून बघितलं. हात मारला नाही.

मुलगी: ते तुमची चूक काढत होते.

मदतनीस: हो. चूक झाली की टेबल. बरोबर झालं की…

मुलगी: गप्प बसायचे.

मदतनीस: बोट वर करायचे. मी तेच सांगत होते.

मुलगी: बरं, बोट वर. पुढे.

मदतनीस: मग एका दुपारी मला एक शब्द येत नव्हता. ते भिंतीत असतं. लाकडाचं. त्याच्यावर टॉवेल…

मुलगी: खुंटी.

मदतनीस: बघा. लगेच दिलात.

मुलगी: काय दिलं?

मदतनीस: शब्द. मी आजोबांना विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात. मला खरंच माहीत नव्हतं. ते सांगायला लागले. निघेना. चेहरा लाल झाला. मी मदत करू शकत नव्हते, माझ्याकडे पण तो शब्द नव्हता. आम्ही दोघं त्या टॉवेलकडे बघत बसलो. चहाची गाडी आली आणि गेली. मग ते म्हणाले, खुंटी.

मुलगी: त्यांचा पहिला शब्द 'पाणी' होता. डॉक्टरांनी स्वतः मला फोन करून सांगितलं. त्यांच्या जागी आता मी पुकारते, तर भर लिलाव थांबवून हॉलमधल्या सगळ्यांना सांगितलं होतं.

मदतनीस: पाणी दुसऱ्या दिवशी. डॉक्टर समोर होते तेव्हा.

मुलगी: खुंटी.

मदतनीस: हो.

मुलगी: आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. माझा बाप बोलला, आणि ते ऐकायला कोण, तर चादर बदलणारी बाई. मुलगी कोण आहे त्यांची, तुम्ही की मी? रोज संध्याकाळी मी हॉलला कुलूप लावून धावत इथं येते. घरात स्वयंपाक नवरा करतो, मी आल्यावर जेवते, कधी तेही नाही. तासभर बोलते त्यांच्याशी. चित्रांची ती कार्डं दाखवते, कप, चमचा, छत्री. त्यातलं एक अक्षर काढत नाहीत. मी आले की खिडकीबाहेर बघायला लागतात. सहन होत नाही मला ते.

मदतनीस: मी ऐकते.

मुलगी: काय ऐकता?

मदतनीस: तुमचं बोलणं. दाराबाहेर उभी राहते, माझ्या सरावासाठी. तुम्ही फार छान बोलता, पाण्यासारखं. पण ताई, त्यांचं वाक्य त्यांच्या तोंडात सुरू होतं आणि तुमच्या तोंडात संपतं.

मुलगी: जरा जपून बोला.

मदतनीस: मला जपून बोलायला येत नाही. जेवढं येतं तेवढंच बोलते.

मुलगी: तो माणूस एका शब्दासाठी तडफडतो. घाम फुटतो त्याला, हाताची मूठ होते. आणि मला तो शब्द माहीत असतो. मी काय हाताची घडी घालून मजा बघत बसू? तुमचा बाप असता तर बसला असतात?

मदतनीस: नाही. मी पण दिला असता. लगेच.

मुलगी: मग?

मदतनीस: मग काही नाही. मला येत असता तर इथं पण दिला असता. मी शहाणी आहे म्हणून थांबले नाही. मला येत नव्हतं म्हणून थांबले.

मुलगी: आणि तुमच्या परीक्षेची वाक्यं त्यांच्या तोंडात जाऊन बसली, त्याचं काय? काल मला म्हणाले, "कृपया डावा हात वर करा." केला मी वर, वेड्यासारखा. त्यांना एवढंच येतंय आता. भूक लागली हे येत नाही. मला हाक मारता येत नाही. लहानपणापासून मला ज्या नावानं हाक मारतात, ते नाव सहा महिने मी ऐकलेलं नाही. आणि डावा हात वर करा येतं.

मदतनीस: ते माझं चुकलं.

मुलगी: चुकलं म्हणून कसं भागेल?

मदतनीस: भागणार नाही. आधी आम्ही त्यांचे शब्द करत होतो. खुंटी, पडदा, उशी, चष्मा. मग परीक्षेची तारीख आली. मी घाबरले. मी माझी वाक्यं आणायला लागले. ते रुग्ण व्हायचे आणि मी नर्स, नंतर उलट. गेल्या आठवड्यात एकदा ते दमले होते, डोळे मिटत होते. तरी मी म्हटलं, आजोबा, अजून एकदा. त्यांनी केलं. मी थांबायला पाहिजे होतं.

मुलगी: हे मी मेट्रनबाईंना सांगितलं तर?

मदतनीस: सोमवारी मला परीक्षेला पाठवणार नाहीत. या केंद्राची सही लागते.

मुलगी: माहीत आहे ना? मग जरा गयावया तरी करा.

मदतनीस: ते मी शिकले नाही अजून.

मुलगी: कमाल आहे तुमची. मला वाटलं होतं, तुम्ही रडाल, हातापाया पडाल, मी दोन शब्द सुनावून मोकळी होईन. तुम्ही तर…

मदतनीस: मला भीती वाटते, ताई. खूप. पण मी हे केलं आहे, तर केलं आहे.

(दार उघडतं. वडिलांची चाकांची खुर्ची आत येते. आणणारा माणूस ती टेबलाजवळ लावतो आणि निघून जातो.)

मुलगी: आलात बाबा? दमलात ना. पाय दुखतोय का? आज जास्तच चालवलेलं दिसतंय. पाणी देऊ? थांबा, ही उशी आधी सरळ करते, अशी टोचत असेल पाठीला…

वडील: ती…

मुलगी: हो, त्या इथंच आहेत. त्या आता निघतायत.

वडील: ती… जा…

मुलगी: जाऊ दे म्हणताय ना? मी पण तेच म्हणत होते, बाबा. आपण दुसरी चांगली बाई मागून घेऊ…

मदतनीस: ताई, त्यांनी टेबलावर हात मारला.

मुलगी: ऐकू आला मला.

मदतनीस: म्हणजे चूक.

मुलगी: कुणाची, माझी?

मदतनीस: तुमची.

मुलगी: मग काय म्हणायचंय त्यांना? ती जा, जा काय? सांगा ना, तुम्हाला कळत असेल. दिवसभर असता त्यांच्याजवळ.

मदतनीस: मला माहीत नाही. थांबा.

मुलगी: किती वेळ?

मदतनीस: ते सांगेपर्यंत.

वडील: ती… जा… जायची… नाही.

मुलगी: बाबा, तुम्हाला कल्पना नाही हिनं काय…

वडील: सोम… सोमवार. परीक्षा. मी… शि…

मुलगी: शिक…

मदतनीस: देऊ नका.

मुलगी: नाही देत. गप्प बसले.

वडील: शि… शिकवली. मी.

मुलगी: तुम्ही शिकवलीत हिला.

वडील: बोलायची… वाईट. फार… वाईट.

मदतनीस: खरं आहे.

वडील: आता… बरी.

मुलगी: हिला शिकवलीत. आणि मी, बाबा? मी रोज येते. माझ्याशी स्वतःचे दोन शब्द बोलत नाही तुम्ही. हिच्याबरोबर दारं लावून दुपारभर बोलता आणि मी आले की खिडकी. माझं काय चुकलं, तेवढं सांगा. मी काही मनात ठेवणार नाही.

वडील: तू… बघतेस.

मुलगी: बघते म्हणजे? कुठं बघते?

वडील: तू… अशी… बघतेस… जसा…

मुलगी: बाई, माझ्या जिभेवर आलंय हो. पुढचं वाक्य कळलंय मला.

मदतनीस: तरी नाही.

मुलगी: त्यांच्या कपाळाची शीर बघा.

मदतनीस: दिसते आहे, ताई. बसा.

वडील: जसा मी… जसा मी… गेलो.

मुलगी: नाही, बाबा. असं नाही. मी… तसं नव्हतं ते. मला फक्त…

मदतनीस: मी बाहेर थांबते.

मुलगी: नको. तुम्ही गेलात की मी परत सुरू होईन. आपोआप होतं ते, आमचा धंदाच तोंडाचा. हॉलमध्ये बोली थंडावली की आम्ही बोलत सुटतो. तुम्ही इथंच बसा.

मदतनीस: आणि मेट्रनबाई?

मुलगी: सोमवारपर्यंत नाही जात मी. द्या तुमची परीक्षा. त्यानंतर सरांना मी सगळं सांगणार आहे, तुम्ही बाबांना दमवलंत तेही. राग गेलेला नाही माझा.

मदतनीस: चालेल. मी पण येईन सांगायला.

मुलगी: आता मला दाखवा. कसं करता तुम्ही?

मदतनीस: विचारायचं. मग गप्प राहायचं.

मुलगी: बस, एवढंच? बरं. बाबा, इकडे बघा. हे माझ्या मनगटावर काय आहे? काय म्हणतात याला?

वडील: खोटं.

मुलगी: खोटं काय?

मदतनीस: तुम्हाला माहीत आहे ते घड्याळ आहे. मग त्यांना राग येतो. मी पण एकदा असं केलं होतं, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जे खरंच माहीत नाही, ते विचारायचं.

मुलगी: मला यांच्याबद्दल काय माहीत नसणार? बाप आहे माझा. चष्म्याचा नंबर माहीत आहे, बुटाचा माहीत आहे. कुठल्या कुशीवर झोपतात, कुणाचे फोन घेत नाहीत, कुठल्या गिऱ्हाइकानं कधी फसवलं, सगळं माहीत आहे. मी काय विचारू?

वडील: वि… विचार.

मुलगी: विचारते. थांबा, बाबा. आता मलाच सुचत नाहीये. असं बघा, मी घरातली मागची खोली रिकामी केली. रंग दिला, फिकट पिवळा. दाराचा उंबरा काढायला लावला, खुर्ची सरळ आत जावी म्हणून. पुढच्या महिन्यात तुम्हाला तिकडे नेणार असं सगळ्यांना सांगून बसले. डॉक्टरांना, नवऱ्याला, हॉलवरच्या माणसांना. तुमची जुनी जागा भाड्यानं द्यायचं बोलणंसुद्धा सुरू केलं. सगळ्यांशी बोलले मी. तुम्हाला विचारलंच नाही.

मदतनीस: ताई, प्रश्न.

मुलगी: हो. प्रश्न. बाबा, तुम्हाला माझ्याकडे राहायला यायचंय का?

वडील: मला…

मुलगी: हं.

वडील: मला… त…

मदतनीस: ताई.

मुलगी: मी काही बोलले नाही.

मदतनीस: तुमचे ओठ हलतात.

मुलगी: हातानं तोंड झाकते.

वडील: वि… विचार… करून… सांगतो.

मुलगी: बरं.